'म्हणजे' म्हणजे काय?

जून उजाडला की वृत्तवाहिन्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. गुडघाभर पाण्यात छत्री सावरत उभा असलेला वार्ताहर सांगत असतो, "पाऊस जो आहे तो सकाळपासून जोरदार पडतोय, आणि पाणी जे आहे ते रस्त्यावर साचलेलं आपण पाहू शकतो." चहा पिता पिता घरातलं कोणीतरी वैतागतं, "अरे, 'पाऊस पडतोय' म्हण की सरळ!" सगळे हसतात. हसून झालं की तोच माणूस शेजारच्याला समजवायला लागतो, "म्हणजे कसंय ना, ह्या लोकांना काय, ते हे... बोलायचं शिकवतच नाहीत."

या दुसऱ्या वाक्यात कामाचे शब्द किती, ते मोजून पाहा. निम्मं वाक्य नुसतं वाट काढण्यात गेलंय. पण त्यावर कोणी हसत नाही, कारण ते कोणाला ऐकूच आलेलं नसतं. आपल्या घरातल्या वासाची जशी आपल्याला सवय असते, तशीच आपल्या 'म्हणजे'ची. वास येतो तो दुसऱ्याच्या घराचा.

बोलण्यात अशा भरीच्या शब्दांना मराठीत कोणी लकब म्हणतं, कोणी पालुपद. पालुपद म्हणजे खरं तर अभंगाचं ध्रुवपद, दर कडव्यानंतर फिरून येणारी ओळ. तसा एखादा शब्द फिरून फिरून यायला लागला की आपण म्हणतो, "याचं हे पालुपदच आहे." उर्दूवाले याला 'तकियाकलाम' म्हणतात: बोलताना टेकायची उशी. ही उपमा मला जास्त आवडते, कारण त्यात चेष्टा कमी आणि समजूत जास्त आहे. माणूस दमतो, क्षणभर टेकतो, पुन्हा उठतो.

आपल्या जुन्या व्याकरणकारांनीही या प्रकाराची नोंद घेतली होती. यास्काने 'निरुक्ता'त वैदिक ऋचांमधल्या कम्, ईम्, इत् आणि उ या शब्दांना पदपूरण म्हटलं आहे, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेले, ओळ भरून काढणारे. अमरकोशात तर यादीच आहे: तु, हि, च, स्म, ह, वै हे पादपूरणासाठी. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना श्लोकातल्या या 'वै'चा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न पडलेला असेलच. मात्र श्लोकात अक्षरांची संख्या ठरलेली असते, ती भरायची म्हणून शब्द येतो. बोलण्यात तसं कोणतंच मोजमाप नसतं. मग तिथे आपण काय भरत असतो?

वेळ.

दोन माणसं बोलत असताना एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? २००९ मध्ये जगभरातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. जपानीपासून डॅनिशपर्यंत भाषाभाषांत थोडा फरक होता, पण सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा भाग. डोळ्याची पापणी लवते, तेवढाच. आता दुसरा आकडा बघा. समोर एखादं चित्र दिसलं आणि त्याचं नाव उच्चारायचं, एवढ्या साध्या कामाला मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला ६००, आणि उत्तराची अपेक्षा २०० मध्ये. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव चालू झालेली असते. आपण अर्धं ऐकतो, अर्धं रचतो, त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो आणि उडी मारतो. उडी मारली पण पाय ठेवायला फरशी तयार नाही, अशी गत दर मिनिटाला होते. तेव्हा जे तोंडातून निघतं, ते 'अं'.

इंग्रजी संभाषणांच्या अभ्यासात दर शंभर शब्दांमागे साधारण सहा ठिकाणी अशी अडखळ सापडते. 'अं', पुनरुक्ती, अर्ध्यावर सोडून पुन्हा धरलेलं वाक्य, हे सगळं त्यात आलं. साध्या गप्पांच्या वेगाने हिशेब केला तर दर सात-आठ सेकंदांना एकदा. ही कोणा तोतऱ्या किंवा घाबरट माणसाची नाही, तुमच्या-आमच्या सुरळीत बोलण्याची गोष्ट आहे. आपल्याला ती तशी वाटत नाही, कारण ऐकणारा कान ती गाळत जातो. शिवाय वर्तमानपत्रात छापलेली मुलाखत वाचताना तिथला माणूस सलग, नेटकी वाक्यं बोलत असतो. ती वाक्यं त्याची नसतात, उपसंपादकाची असतात.

'अं' हा नुसता बिघाडाचा आवाज आहे की तो ऐकणाऱ्यासाठी केलेला इशारा आहे, यावर भाषाभ्यासकांत वाद आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोघांनी २००२ मध्ये ठाम बाजू घेतली: हे रीतसर शब्द आहेत. इंग्रजीतला छोटा 'अ' छोट्या विलंबाची वर्दी देतो, आणि ओठ मिटून येणारा 'अम्' मोठ्या विलंबाची. "थांबा, येतोय" आणि "थांबा, जरा वेळ लागेल" असे दोन वेगळे निरोप. सगळ्यांना हे पटलेलं नाही. काहींच्या मते तो खोकल्यासारखा आहे, खोकणारा काही कळवायला म्हणून खोकत नाही. पण खोकला ऐकून ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतंच. आणि ऐकणाऱ्यांवर जे प्रयोग झाले, ते मला या वादापेक्षा जास्त रंजक वाटतात.

दोन वर्षं ओलांडलेल्या मुलांना पडद्यावर दोन वस्तू दाखवल्या, एक ओळखीची, एक कधी न पाहिलेली. बाईने "बघ बघ, ते... अं..." म्हटलं, की मुलांची नजर नाव ऐकण्याआधीच अनोळखी वस्तूकडे वळायला लागली. अडखळली याचा अर्थ शब्द अवघड असणार, आणि अवघड शब्द ओळखीच्या वस्तूचा कसा असेल? हा तर्क ज्यांना अजून धड वाक्य जोडता येत नाही ती मुलं करत होती. मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसली: 'अं' नंतर आलेला शब्द लोकांना पुढे चाचणीत जास्त चांगला ओळखता आला. म्हणजे 'अं' हा वर्गात टेबलावर वाजलेल्या डस्टरसारखा आहे. आवाजाला अर्थ काही नाही, पण सगळे वर बघतात.

फोनवर याचं मोल जास्तच कळतं. समोरासमोर असताना माणूस विचारात पडला तर चेहऱ्यावर दिसतं. फोनवर तुम्ही दोन सेकंद गप्प राहून बघा, पलीकडून "हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?" सुरू होतं. तिथे 'अं' म्हणजे लाइन चालू असल्याची खूण.

हे, ते आणि ते हे

'अं' जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने भेटतो. त्याच्यापुढची फळी मात्र प्रत्येक भाषेने आपापली घडवलेली असते, आणि तिथे मराठीची खरी मजा आहे.

"अगं, ते हे कुठे ठेवलंस?" हे वाक्य ज्या घरात बोललं जात नाही, ते घर मराठी नाही. यातलं 'हे' म्हणजे रिकामं खोकं. शब्द सापडत नाही, तोवर त्याच्या जागी ठेवायचं. नवल असं, की हे खोकं पूर्ण व्याकरणासकट चालतं. त्याला विभक्ती लागते: "ह्याच्यात हे घाल." त्याचं क्रियापद होतं: "जरा ते हे करून घे ना." पाहुण्यांसमोर तर त्याचा आडोसाही होतो: "पोटात जरा हे होतंय." आणि नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या पिढीत 'हे' हेच नवऱ्याचं नाव होतं, त्यामुळे "आमचे हे ते हे आणायला गेलेत" असं वाक्य अगदी गंभीरपणे बोललं जायचं आणि ऐकणारीला सगळं समजायचं.

यातली एक बारीक गोष्ट आता लक्ष देऊन ऐका. कात्री हवी आहे, शब्द ओठांवर आहे पण येत नाही. पुष्कळदा माणूस म्हणतो, "ती ही दे गं... ती... कात्री!" 'ते हे' नाही, 'ती ही'. चमच्यासाठी "तो हा". म्हणजे शब्द अजून आलेला नाही, पण तो स्त्रीलिंगी आहे की पुल्लिंगी, हे आधीच येऊन पोचलंय! हा माझ्या कानाचा भास नव्हे. इटालियन भाषेतही नामांना लिंग असतं. तिथे १९९७ मध्ये केलेल्या एका अभ्यासात ओठांवर अडकलेल्या शब्दाचं लिंग लोकांना नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून कितीतरी अधिक वेळा बरोबर सांगता आलं. मेंदूत शब्द एका कप्प्यात नसतो. अर्थ एकीकडे, लिंग-वचन दुसरीकडे, आणि उच्चार तिसरीकडे. 'ती ही' म्हणताना पहिले दोन कप्पे उघडलेले असतात, तिसऱ्याची किल्ली सापडत नसते. भाषाशास्त्रज्ञांना हे दाखवायला प्रयोग लावावे लागले, आपल्या स्वयंपाकघरात ते रोज फुकट चालतं.

म्हणजे

आता मुख्य आरोपी. मराठी माणसाच्या तोंडून सर्वांत जास्त निसटणारा भरीचा शब्द कोणता, यावर पैज लावायची तर मी 'म्हणजे'वर लावीन.

हा शब्द 'म्हणणे' याच धातूचा. जुन्या मराठीत 'म्हणिजे' म्हणजे 'म्हटलं जातं'. करिजे, बोलिजे, तसंच म्हणिजे. 'अमुक म्हणजे तमुक', अर्थात अमुकला तमुक म्हटलं जातं. व्याख्येचा शब्द. पण बघा, हा शब्द आज कुठे कुठे राबतो. "पाऊस थांबला म्हणजे निघू," इथे तो काळ दाखवतो. "तो मंगळवारी, म्हणजे बुधवारी आला," इथे खोडरबर आहे. "म्हणजे? तू गेलाच नाहीस?" इथे संशयाची भुवई आहे. "म्हणजे, मला तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत, पण..." इथे गादी आहे, पुढचा शब्द जोरात आदळू नये म्हणून अंथरलेली. आणि "येईन की मी. म्हणजे, जमलं तर." इथे मागचं दार आहे, अर्धवट उघडं ठेवलेलं.

एवढी कामं करणाऱ्याला आपण निरर्थक म्हणतो.

भाषांचे अभ्यासक अशा शब्दांना 'अं'पासून वेगळं काढतात. 'अं' सांगतो, की माझं रचणं चालू आहे. 'म्हणजे', 'बरं', 'तर', 'मग', 'असो' हे सांगतात, की आता जे येतंय ते आधीच्याशी कसं जोडायचं: दुरुस्ती म्हणून, निष्कर्ष म्हणून की विषय बदलला म्हणून. घाटातल्या पाट्यांसारखं. पाटी म्हणजे रस्ता नव्हे, पण पाट्या काढून टाकल्यात तर गाडी चालवून दाखवा. ज्ञानेश्वरीत 'तरी', 'पैं', 'अगा', 'हें असो' पानोपानी भेटतात, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. ते समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी केलेलं निरूपण आहे. 'हें असो' आलं की श्रोत्याला कळतं, दृष्टान्त संपला, आता मूळ मुद्द्याकडे.

गंमत म्हणजे 'म्हणणे'तून हा शब्द काढण्याची युक्ती एकट्या मराठीची नाही. कोकणीत 'म्हळ्यार', शब्दशः 'म्हटल्यास'. कन्नडमध्ये 'अंदरे', तेही 'म्हटलं तर' आणि तेलुगूत 'अंटे', त्याच घडणीचं. सोलापूर-सांगलीच्या सीमेवर दोन्ही भाषा बोलणारी माणसं 'अंदरे' आणि 'म्हणजे' एकाच श्वासात वापरतात. हिंदीने मात्र इथे अरबीतून आलेला 'मतलब' घेतला. भाषा कोणतीही असो, बोलणाऱ्याला स्वतःच्याच बोलण्यावर भाष्य करायला एक शब्द लागतो.

'म्हणजे'चा सख्खा भाऊ 'कसंय ना'. हा शब्द नकाराच्या आधी चालतो. १९६० च्या दशकात हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी टेपवर ध्वनिमुद्रित केलेली साधी बोलणी तुकड्यातुकड्याने तपासायला सुरुवात केली. त्या परंपरेतून पक्की झालेली एक गोष्ट अशी: होकार झटकन येतो, नकार उशिरा आणि सजून येतो. हे सांगायला आपल्याला संशोधक नकोत. मुलगी बघून आठवडा झालाय, मुलीकडच्यांनी फोन केला, "मग काय ठरलं तुमचं?" पलीकडून "अं... तसं काय आहे ना, म्हणजे मुलगी छानच आहे, पण..." एवढं झालं की मुलीच्या वडिलांनी पुढचं ऐकायची गरज नाही. पत्रिका जुळत नाही हे वाक्य नंतर येतं, नकार आधीच 'अं' मध्ये येऊन गेलेला असतो. आता हेच भरीचे शब्द काढून टाका: "काय ठरलं?" "नाही." एवढ्यावर दोन घरांचं बोलणं कायमचं बंद झालं असतं.

मग नावं का ठेवतो?

इथवरचं सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट उरतेच. सारखं 'म्हणजे म्हणजे' करणाऱ्याचा आपल्याला कंटाळा येतो, आणि त्याच्याबद्दल आपण काही मतं बनवतो: याची तयारी नाही, हा घाबरलाय, हा खोटं बोलतोय, याला काही येत नाही. ही मतं कितपत खरी?

घाबरल्याचं आधी. घाबरलेला माणूस अडखळतो, शब्द गिळतो, वाक्य तोडतो हे बरोबर. पण जॉर्ज माल या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच दाखवलं, की भीतीबरोबर ही मोडतोड वाढते, 'अं' मात्र फारसा वाढत नाही. खोटं बोलण्याचं तर उलटंच निघालं. २०१० च्या एका प्रयोगात लोक खरं बोलताना जेवढे 'अम्' म्हणाले, त्यापेक्षा खोटं बोलताना कमी. पढवून आणलेली गोष्ट सांगणारा कशाला अडखळेल? अर्थात ही प्रयोगशाळेतली लुटुपुटीची थाप होती. त्यावर पोलीस चौकी चालवू नये.

'याला काही येत नाही' या मतासाठी मला स्टॅन्ली शॅक्टर आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा अभ्यास आठवतो. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकली आणि 'अं' मोजले. सर्वांत कमी विज्ञानाच्या प्राध्यापकांचे, मग सामाजिक शास्त्रांचे, सर्वांत जास्त कला-साहित्याच्या. आता साहित्याचे प्राध्यापक शब्दांत गरीब असतात असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? शिवाय याच मंडळींना वर्गाबाहेर एका सामाईक विषयावर बोलतं केलं, तेव्हा सगळे सारखेच अडखळले. खुलासा असा, की रसायनशास्त्रात त्या पदार्थाला एकच नाव असतं. कवितेबद्दल बोलताना 'करुण' म्हणू, की 'हळवी', की 'उदास', की 'भिजलेली'? जिथे पर्याय जास्त तिथे निवडायला वेळ जास्त. बाजारात एकच भाजी असेल तर पिशवी लवकर भरते.

पण सगळ्यांत बोचरा पुरावा नेदरलँड्समधला आहे, २०१४ चा. लहान मुलांच्या प्रयोगासारखाच डाव, फक्त ऐकणारे मोठे. डच मातृभाषा असलेला माणूस अडखळला की ऐकणाऱ्यांची नजर दुर्मीळ नावाच्या वस्तूकडे वळायची: काहीतरी अवघड येतंय. तीच अडखळ परक्या हेलात बोलणाऱ्याच्या तोंडून आली, तेव्हा नजर हललीच नाही. हा अडखळतो कारण याला भाषा येत नाही, असा हिशेब कानाने आपोआप करून टाकला. आवाज एकच, पण एकाच्या तोंडी तो विचाराची खूण आणि दुसऱ्याच्या तोंडी अज्ञानाची.

हा प्रयोग मराठीत कोणी केलाय असं नाही, पण त्याचे निकाल आपण रोज ऐकतो. व्यासपीठावरचे ज्येष्ठ साहित्यिक "अं... मला असं वाटतं... की..." म्हणून थांबले की सभागृह श्वास रोखतं. तेवढाच वेळ परभणीकडून पुण्यात मुलाखतीला आलेला मुलगा थांबला, की समोरचे तिघं एकमेकांकडे बघतात. गावाकडचं 'मंग', 'बगा', 'व्हय ना', वऱ्हाडातलं 'बाप्पा' यांची मालिकांतून नक्कल होते आणि प्रेक्षकांना हसायची खूण मिळते. "ॲक्च्युअली" आणि "बेसिकली" म्हणणाऱ्या पात्राला मात्र वकील, डॉक्टर किंवा परदेशातून आलेला भाचा केलं जातं. 'बगा' आणि 'बेसिकली' यांचं काम एकच आहे: ऐकणाऱ्या, इकडे लक्ष दे, मी आता मुद्द्याचं सांगतोय. भाव वेगवेगळा लागतो, कारण भाव शब्दाला नसतोच, बोलणाऱ्याच्या गावाला आणि कपड्यांना असतो.

बायकांच्या आणि तरुणांच्या बाबतीतही हेच. "मी गेले ना, तर तिथे ना, कोणीच नव्हतं ना" या 'ना'ची टिंगल कॉलेजातल्या मुलींच्या नावाने होते. इंग्रजीत हीच वेळ 'लाइक' या शब्दावर आली आहे. ॲलेक्झांड्रा डार्सी या भाषाभ्यासकाने दाखवलं, की हा शब्द फक्त तरुण मुलींचा ही समजूत चुकीची आहे. पुरुषही तो वापरतात, आणि त्याचे काही उपयोग तर म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातही जुने आहेत. २०१४ च्या आणखी एका अभ्यासात 'आय मीन', 'यू नो' असे शब्द जास्त वापरणारे लोक स्वभावाने जास्त काटेकोर, कर्तव्यदक्ष निघाले. ऐकणाऱ्यापर्यंत नीट पोचतंय ना, याची काळजी असणारा माणूस पाट्या जास्त लावतो, असा त्याचा अर्थ लावता येईल.

काही भरीचे शब्द हक्काचे असतात, आणि ते कोणी कोणाला म्हणायचे हेही ठरलेलं असतं. "बरं का" हा त्यातला. कीर्तनकार श्रोत्यांना म्हणतो, सासरे नव्या सुनेला म्हणतात, मास्तर वर्गाला म्हणतात. कारकुनाने साहेबांना "फाइल टेबलावर ठेवलीय, बरं का" म्हणून बघावं. "कळलं का?" हा तर नुसता अधिकार. शब्द भरीचा, पण वजन पदाचं.

टीव्ही आणि व्यासपीठ

म्हणजे सगळंच माफ का? नाही. काही भरीचे शब्द मलाही छळतात. सभेत उभं राहिलं की "त्या ठिकाणी", "या माध्यमातून", "निश्चितपणे" सुरू होतं. "आपण त्या ठिकाणी विकास त्या ठिकाणी करणार आहोत." यात ठिकाण एकही नाही. पण हे ऐकताना लक्षात येतं, की हा शब्द विचाराला वेळ मिळावा म्हणून येतच नाही, तो सूर आहे. लाउडस्पीकरवर वाक्य लांब आणि सपाट खेचावं लागतं, टाळ्यांना जागा ठेवावी लागते, आणि सरपंचापासून वरपर्यंत ज्यांनी ज्यांनी भाषणं ऐकली त्यांच्या कानात 'भाषण' म्हणून हाच ठेका बसलाय. त्या ठिकाणी काढून टाकलं तर ते गावकऱ्यांशी बोलल्यासारखं होईल. तेच नको असतं.

वार्ताहराच्या 'जे आहे ते'बद्दल मात्र माझं मत हळूहळू मवाळ झालंय. थेट प्रक्षेपण आहे, सांगण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे पाऊस पडतोय. आणि स्टुडिओतून दर दहा मिनिटांनी विचारणा, "काय सांगाल?" गप्प राहिलं तर कॅमेरा वळतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी, म्हणून ते सापडेपर्यंत मधली जागा धरून ठेवावी लागते. मग नामाला लगेच एक कठडा बांधायचा: पाऊस जो आहे तो, परिस्थिती जी आहे ती, रस्ते जे आहेत ते. नीट ऐका, जो-जी-जे कधी चुकत नाही. लिंग-वचन अचूक जुळवत, पाण्यात उभं राहून, पाठ न केलेलं बोलणारा माणूस बेअक्कल नसतो. त्याच्याकडे सांगायला काही नसतं, आणि तरी सांगत राहायची त्याला नोकरी असते.

भरीचे शब्द कमी करायचे असतील तर ते जमतं. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आणि आता पुण्या-मुंबईतही शाखा असलेल्या टोस्टमास्टर्स क्लबात दर बैठकीला एका सदस्याकडे फक्त हेच काम असतं, कोण किती वेळा 'अं' आणि 'सो' म्हणालं ते मोजायचं. 'अं'च्या जागी शांतता ठेवायला शिकवतात. व्यासपीठावर ती शोभते, कारण तिथे मध्ये कोणी बोलत नाही. घरच्या जेवणाच्या टेबलावर दीड सेकंद शांतता ठेवलीत तर आत्या विषय पळवून नेईल.

उलट दिशेचा प्रयोग २०१८ मध्ये गूगलने केला. सलूनमध्ये फोन करून वेळ ठरवणारं यंत्र त्यांनी मंचावरून ऐकवलं. त्यात मुद्दाम 'अम्' आणि 'म्म-हं' पेरलेले होते. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. लगेचच टीका सुरू झाली, की पलीकडच्या माणसाला आपण यंत्राशी बोलतोय हे कळायला नको का? व्याकरण, उच्चार, शब्दसंग्रह यंत्राकडे होतंच. माणूस वाटायला कमी होता तो 'अम्'.

मागे मी आमच्या मावशीच्या जुन्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून कागदावर उतरवायला घेतल्या. पहिल्या खर्ड्यात सगळे 'म्हणजे', 'ते हे', 'बरं का' छाटून टाकले. सासरच्या पहिल्या दिवाळीबद्दल ती बोलली होती, "म्हणजे, वाईट नव्हते गं ते लोक, म्हणजे... असो." माझ्या स्वच्छ प्रतीत उरलं, "ते लोक वाईट नव्हते." मावशीने चष्मा लावून वाचलं, कागद परत दिला आणि म्हणाली, "हे मी नाही बोलले."